खवल्याच्या गळ्यातली भोकं

काडीभाऊंना काडी म्हणावं असं आता त्यांच्यात काही उरलेलं नाही. पोट सुटलं, नाव मात्र सुटलं नाही. चाळीस वर्षांपूर्वी ते खरोखर काडी होते, आणि म्हणूनच एका सिनेमावाल्याने त्यांना उचलून रबराच्या सोंगात कोंबलं होतं. खाणीतून वर येणारं, अंगभर खवले असलेलं जनावर. लोक त्याला खवल्या म्हणत. पिक्चर तुफान चालला. पोरांनी घाबरून आयांच्या कुशीत तोंडं लपवली, वह्यांवर खवल्याचे फोटो चिकटवले, आणि आतल्या माणसाला कुत्रंही विचारेना. पडद्यावरच्या यादीत ते 'आणि इतर' होते.

पुढे बेसिनं-कमोड बनवणाऱ्या कारखान्यात, साच्यांच्या खात्यात, त्यांनी तीस वर्षं काढली. एकदा डबा खाताना सांगून पाहिलं, "तो खवल्या मी होतो." "आणि मी हिरॉईन!" फोरमन म्हणाला, आणि पुढचा आठवडाभर तेच चाललं. खुद्द बायकोचाही विश्वास बसला नाही. "झुरळ दिसलं की पलंगावर चढता, तुम्ही कसले राक्षस!" ती म्हणायची. ती गेल्यापासून एवढी चेष्टा करणारंही घरात कुणी नाही. मुलगा परगावी. रविवारी फोन करतो, गोळ्या घेतल्या का विचारतो, घेतल्या म्हटलं की ठेवतो.

तशात पिक्चरला चाळीस वर्षं झाली म्हणून सिनेमाप्रेमी मंडळाने थिएटरात प्रदर्शन भरवायचं ठरवलं. मूळ सोंग केव्हाच उंदरांनी खाल्लं होतं. तेव्हा खवल्याचा मातीचा पुतळा कुणी करील का, अशी चिठ्ठी थिएटरच्या दारावर लागली. काडीभाऊंनी ती वाचली आणि घरी येऊन जेवायच्या टेबलावर प्लास्टिक अंथरलं.

तीन महिने ते त्या टेबलाशी होते. जेवण ओट्यापाशी, उभ्याने. पुतळा दोन हात उंच, आतून पोकळ, भिंत बोटभर जाड. कमोड तडकू नये म्हणून जी अक्कल लागते तीच सगळी इथे लागली. खवले एकेक करून लाटले, कडेला पातळ माती लावून चिकटवले, जुन्या चमच्याच्या दांडीने प्रत्येकावर रेघा ओढल्या. फोटो त्यांच्याकडे नव्हता, लागलाही नाही. सोंगाचा डावा खांदा खाली झुकलेला असायचा, कारण आतला पट्टा तिथेच काचायचा. हे त्यांच्या कातडीला पाठ होतं. आणि हनुवटीखाली, गळ्यात, त्यांनी दोन भोकं ठेवली, मटारएवढी. खवल्याचं डोकं त्यांच्या डोक्याच्याही वर असायचं. ते स्वतः बघायचे ते या गळ्यातून. एवढ्या मोठ्या पुतळ्यात काडीभाऊंचं म्हणून एवढंच होतं. कुणीतरी विचारावं, ही भोकं कसली? मग सांगता येईल. सगळा खटाटोप त्यासाठी.

विचारलं मंडळाच्या चिटणीसांनी. ते काम बघायला आले होते.

"काका, कमाल केलीत! पण ही भोकं कसली?"

काडीभाऊंनी सगळं सांगितलं, अगदी सोंगातल्या घामापर्यंत. चिटणीसांनी घड्याळ न बघता ऐकून घेतलं, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

"असेल हो," ते शेवटी म्हणाले, "पण पिक्चरमध्ये दिसत नाहीत ना ती. लोक खवल्याला बघायला येणार. आत माणूस होता हे कशाला दाखवायचं? मजाच जाते. बुजवून टाका, नाहीतर मंडळात कुणी तयार होणार नाही."

भोकं ठेवावीत तर पुतळा घरातच पडणार, आणि घरी बघणारं कोण? दुधाची तहान ताकावर. माती अजून ओलसर होती. चिटणीस जिना उतरले तशा काडीभाऊंनी दोन गोळ्या वळल्या, अंगठ्याने दाबल्या, वरून दोन खवले बसवले. काम इतकं सफाईदार झालं की त्यांनाच जागा सापडेना. मग कारखान्यातल्या जुन्या भट्टीवाल्याच्या हातापाया पडून पुतळा भाजून आणला. त्या दिवसांत त्यांना फार एकटं वाटलं. बायको गेली तेव्हाही इतकं वाटलं नव्हतं; तेव्हा निदान भेटायला माणसं येत होती.

प्रदर्शनाला ही गर्दी. लोक पुतळ्याशेजारी दात विचकून फोटो काढत होते. काडीभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून बाजूला उभे. एकाने त्यांना विचारलंही, बाथरूम कुठे आहे.

दुपारी सुनेचा हात धरून एक म्हातारी आली. खवल्याच्या जबड्याकडे तिने पाहिलंच नाही. दोरीवरून वाकून थेट त्याचा गळा चाचपला.

"फोटो बघून केलंय कुणीतरी," ती सुनेला म्हणाली. "इथे दोन भोकं होती. आतला पोरगा त्यातून बघायचा. रोज सकाळी मीच त्याला पाठीकडून शिवून आत बंद करायचे."

"कोण होता हो, आई?"

"नाव नाही गं आठवत. टाके घालताना मुळीच हलायचा नाही. कधीकधी आत रडायचा. समोर आले की भोकांतून दिसायचं मला."

हे कुणाला ठाऊक नाही असं काडीभाऊ चाळीस वर्षं समजून होते.

"तो मीच," ते म्हणाले.

म्हातारीने त्यांना खालपासून वर न्याहाळलं. पोटाशी जरा थांबली, मग डोळ्यांशी आली आणि तिथेच राहिली. ती हसली नाही.

"हो, तूच," ती म्हणाली. "आणि हे केलं कुणी?"

"मीच."

"मग भोकं का बुजवलीस रे?"

काडीभाऊंनी दोरीवरून हात घातला आणि खवल्याच्या गळ्यात नख रोवायला गेले. भाजलेली माती ती, नख कुठलं रुततंय. तरी ते खरवडत राहिले. लोकांनी फोटो काढायचे थांबवले, पलीकडून चिटणीस धावत निघाले.

म्हातारीने त्यांचं मनगट धरलं.

"राहू दे," ती म्हणाली. "बोटं सोलवटतील."