न निवलेला जोड

असे गूढ अनुभव वाचून मी आजवर हसतच आलेय. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. आकडा जुळला नाही की आधी आपली चूक शोधायची, एवढाच माझा धर्म. तरी लिहितेय, कारण घरात कुणाला सांगायची सोय नाही.

पनवेलला आमचं छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. स्टीलच्या फ्रेमचं डिझाइन माझं, वेल्डिंग नवऱ्याचं, सुहासचं. भांडण ठरलेलं. कॉम्प्युटरवर मी दोन बीम एका बिंदूत जोडते, तिथे वेल्ड नसतोच. तो म्हणायचा, "तुझ्या फ्रेमला कधी चटका बसलाय का? माझा जोड निवताना आत ताण अडकून बसतो. तो धर की हिशोबात." मी म्हणायचे, "त्यासाठी फॅक्टर ऑफ सेफ्टी असतो, बाबा. ताकद जास्तीचीच धरलेली असते." मग तो आपलंच खरं करायचा. जाड प्लेटचा जोड झाला की ग्लासवूलची जाड पट्टी त्याला गुंडाळायची. तो तिला गोधडी म्हणायचा. जोड सावकाश निवेपर्यंत शेजारी बसून राहायचा.

गेल्या हिवाळ्यात नेऱ्याला एका गोडाऊनचं काम होतं. शेवटचा जोड संपवून सुहासने हेल्मेट काढलं, "जरा बसतो" म्हणाला... आणि बसल्या जागी गेला. हार्ट अटॅक. त्या धावपळीत जोड तसाच उघडा राहिला. कुणाला सुचणार?

महिन्याभराने मी साइटवर गेले. त्याच बीमला माल उचलायचा होइस्ट लागणार होता. सकाळची वेळ, सगळं लोखंड गार. त्या जोडाला हात लावला — आणि तो कोमट लागला. ऊन पोचत नव्हतं, मशीन बंद होती. सुहासचा जुना जोडीदार हिरामण तिथेच होता. त्याला काही न सांगता हात लावायला सांगितलं. त्याने हात ठेवला तो काढेचना.

"वयनी, यो अजून निवला नाय," एवढंच बोलला.

त्यानंतर काही ना काही निमित्त काढून मी नेऱ्याला जायचे. जोडावर हात ठेवून उभी राहायचे. वेडी म्हणा हवं तर. मला तेवढाच नवरा उरला होता.

पण अडकलेल्या ताणाचं सुहासचं बोलणं डोक्यातून जाईना. शेवटी एकदाचा तो ताण मी हिशोबात धरला. उघड्यावर निवलेला जोड, त्यात होइस्टचे हिसके. उत्तर चांगलं नव्हतं. अल्ट्रासॉनिक टेस्ट केली तर आत भेग, बाहेरून न दिसणारी. खाली माणसं काम करणार होती. जोड कापून नव्याने करा, असं लिहून सही मलाच करायची होती. केली.

"वयनी, तुमी बायेर थांबा," हिरामण म्हणाला. मी थांबले नाही. ग्राइंडर लागला तशी सगळ्यांसमोर ढसाढसा रडले.

नवा जोड हिरामणने केला. गोधडी मी गुंडाळली आणि सुहास बसायचा तशी शेजारी बसले. संध्याकाळी उघडून हात लावला. गार. दुसऱ्या दिवशीही गारच.

लोखंड इतके दिवस कोमट कसं राहिलं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असलं तरी मला नको. एवढंच सांगते... सही करायच्या दिवशी मी त्या जोडाला हात लावला नाही. लावला असता, तर सही झाली नसती.