बोरकरची घडी, मेश्रामची घडी

वीज केंद्राच्या ऊर्जानगर कॉलनीत क्वार्टरच्या खिडकीवर राख साचते, तसे आमच्या शिफ्टमध्ये किस्से साचतात. सकाळी पुसा, संध्याकाळी पुन्हा तेवढेच! त्यातले बरेचसे दोन मनगटी घड्याळांचे आहेत.

एक बोरकरचं. तो कंट्रोल रूममध्ये पॅनेलसमोर बसतो. नागपूरहून स्विस ऑटोमॅटिक घेऊन आला. दुसरं मेश्रामचं, जपानी ऑटोमॅटिक. तो कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यांवर राउंड मारतो. दोघं एकाच बॅचचे, क्वार्टरही समोरासमोर. बोरकरच्या घड्याळाच्या किमतीत मोटरसायकल आली असती, मेश्रामच्या घड्याळाच्या किमतीत कूलर. दोन्हींत सेल नाही. हात हलला की चावी भरते, हात स्वस्थ राहिला की दीड-दोन दिवसांत बंद.

कँटीनवाल्या भाऊंनी दोन्ही घड्याळं कानाला लावून पाहिली. म्हणाले, "म्हणजे सेल बी तुमीच व्हायचं, अन् पैसे बी तुमीच द्यायचे?"

*

बोरकर त्या घड्याळाला फार जपायचा. भिंतीला घासेल म्हणून डावा हात कायम पोटाशी. बसचा दांडा उजव्या हातानं धरणार. कुणाच्या निरोप समारंभात टाळ्या वाजवायच्या, तर हा एकटा उजव्या हातानं टेबल बडवणार! परिणाम असा की सुट्टीनंतर घड्याळ हमखास बंद.

मेश्रामचं कधी बंद पडलं नाही. फक्त रोज थोडं मागे पडायचं.

"तुही घडी मांगं आहे बे!" बोरकर बसमध्ये चढल्या चढल्या म्हणायचा.

"चालून राह्यली म्हणून मांगं आहे. तुही तं उभीच आहे!"

*

कोळशातले लोखंडाचे तुकडे ओढून घ्यायला पट्ट्याच्या वर मोठा चुंबक असतो. नवीन माणसाला मेश्राम आधीच बजावतो, घड्याळ लांब ठेवा, नाहीतर पुढे पळत सुटेल. बोरकर एकदा तिकडे गेला, तेव्हा त्यालाही बजावलं.

"ते तुया घडीसाठी," बोरकर म्हणाला. "हे स्विस आहे!"

दुसऱ्या दिवशी बोरकर स्टॉपवर एकटाच उभा राहून रिकाम्या रस्त्यावर चिडत होता. बस आली तसा ड्रायव्हरवर ओरडला, "गाडी लेट काऊन?"

ड्रायव्हर शांतपणे म्हणाला, "मी टायमावर आहो, साहेब. तुमीच उद्याचे दिसून राह्यले!"

चंद्रपूरच्या घड्याळजीनं छोट्याशा मशीनवर ठेवून ते लगेच बरं केलं. बोरकरला बरं वाटायला आठवडा लागला.

*

मागच्या उन्हाळ्यात बोरकरला लकवा मारला. डावा हात गेला. वाचा शाबूत होती, पण तो बोलेनासाच झाला. डॉक्टर म्हणाले, हात हलवत राहिलं तर परत येईल, नाहीतर राहील तसाच. बोरकरनं व्यायाम शिकवायला आलेल्या माणसाला हाकलून दिलं. आम्ही सगळेच घाबरलो होतो. स्विस घड्याळ कपाटात केव्हाच बंद पडलं होतं.

मेश्रामनं आपलं घड्याळ काढून त्याच्या डाव्या मनगटावर बांधलं.

"महाग घडी घातली की तू हात जपतो. ही घाल. आपटली तरी चालते."

मग रोज ड्युटी संपली की तो जायचा, तो हात उचलायचा आणि चावी भरेपर्यंत वर-खाली हलवायचा. बोरकर भिंतीकडे पाहत पडून राहायचा.

पुढे भाचीच्या लग्नाला मेश्राम नागभीडला गेला आणि तिथंच आठवडाभर अडकला. परत आला तो स्टेशनवरून थेट बोरकरकडे. मी सोबत होतो. घड्याळ बंद असणार, हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं.

मेश्रामनं वाकून त्या मनगटाला कान लावला. घड्याळ चालू होतं!

"वहिनी, हात तुमी हलवून देत होत्या काय?" त्यानं बोरकरच्या बायकोला विचारलं.

"मी नाई, भाऊ. मले तं हात लावू देत नाईत."

मेश्रामनं बोरकरकडे पाहिलं. बोरकर भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होता.

"तुही घडी मांगं आहे बे," तो म्हणाला.