टाकलंय की ग्रुपवर

आमच्या कॉलेजच्या ऑफिसातल्या क्लार्कला मी कधी पाहिलेलं नाही, कारण मला दिसत नाही. पण त्याची फरफटणारी चप्पल, दातांखालची सुपारी आणि हातातल्या किल्ल्यांचा चाळा मी लांबून ओळखते. काहीही विचारा, उत्तर एकच: "टाकलंय की ग्रुपवर."

टाकतो ना. सरांनी टाइप करून दिलेल्या नोट्सची तो आधी प्रिंट काढतो, मग त्या प्रिंटचे फोटो काढतो आणि ते फोटो ग्रुपवर टाकतो. माझा फोन मला अक्षरं वाचून दाखवतो. फोटोतली अक्षरं त्याला वाचता येत नाहीत. कुरुंद्याहून एसटीने येऊन येऊन मी एकच मागते, "भाऊ, ती टाइप केलेली फाइलच पाठवा."

"ताई, समद्यांला एकच दिलंय. तुमालाच काहून तकलीफ?"

परवा माझं डोकंच फिरलं. मी नोट्स उघडल्या, आवाज मोठा केला आणि फोन त्याच्यापुढे धरला. फोन म्हणाला, "चित्र." मी पान सरकवलं. "चित्र." पुढचं पान. "चित्र."

किल्ल्या थांबल्या. सुपारीही थांबली. मला वाटलं, कळलं एकदाचं.

"मंग?" तो म्हणाला. "बोलून तर राहिला की बराबर."