आधी पुसायचं, मग टाळ्या

लेथच्या खाली लोखंडाचा कीस कधी साचतो ते लेथवाल्याला कळत नाही. एक दिवस पाय घसरतो, तेव्हा कळतं! आमच्या मैदानावरच्या किश्श्यांचंही तसंच झालंय. परवा बायको म्हणाली, "सकाळी एक तास काठी हातानं फिरवता आणि उरलेला दिवस तोंडानं. एकदाचं लिहून काढा आणि घर मोकळं करा." म्हणून लिहायला बसलोय.

तर मी दिलीप. मूळचा साताऱ्याकडचा, गेली अठरा वर्षं बोईसरला, तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर. आमचं मैदान म्हणजे कॉलनीच्या मागचा मोकळा प्लॉट. रोज सकाळी साडेपाचला आम्ही दहा-बारा जण तिथे लाठीकाठी आणि तलवार शिकतो. शिकवणारे नाना. कोल्हापूरकडचे, बॉयलरवरून रिटायर झालेले, वय सत्तर. अजून एका दमात पन्नास जोर मारतात आणि वर आम्हाला विचारतात, "का रं, दमलासा?"

नानांकडे त्यांच्या आजोबांची तलवार आहे. बाकी आम्ही सगळे लाकडी किंवा बोथट तलवारींवर शिकतो, ही एकच खरी. ती बाहेर निघाली की सगळे गप्प होतात. नानांचा नियमही एकच: "हत्यार वापरलं की आधी पुसायचं, मग टाळ्या घ्यायच्या!" हा नियम मी किमान शंभर वेळा ऐकला असेल आणि नव्वद वेळा मोडला असेल.

*

पहिल्या दिवशी मी छाती काढून नानांसमोर उभा राहिलो. म्हटलं, "नाना, मला तलवार शिकायचीय."

नाना म्हणाले, "उद्या येताना घरातली सुरी घेऊन ये."

मला वाटलं, काहीतरी विधी असेल. नेली. आमची सुरी म्हणजे काय वर्णावी! मुठीला काळी इन्सुलेशन टेप, आणि धार अशी की टोमॅटो कापायला घेतला तर तो नुसता दबायचा. नानांनी ती अंगठ्यावरून फिरवली, परत माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "बायकोला रोज ह्याच्याशी झुंजायला लावतोस आणि तुला तलवार पायजे?"

पुढचे तीन आठवडे मी मैदानावर फक्त दगडावर सुरी घासली. शेजारी लोक काठ्या फिरवतायत आणि मी फिटर माणूस, खाली बसून सुरी घासतोय! एकविसाव्या दिवशी नानांनी मान हलवली. मी विजयी मुद्रेनं घरी गेलो. बायकोनं टोमॅटो घेतला, सुरी टेकवली आणि ओरडली. बोट कापलं होतं.

"चौदा वर्षं बोथट सुरीची सवय हो," ती बोट चोखत म्हणाली. "आता धार लावलीत तशी पट्टीपण आणून लावा!"

*

रामप्रवेश आमच्यातला सगळ्यात धिप्पाड. बिहारचा, कापडाच्या कारखान्यात लूमवर. जिममध्ये जायचा, दंड असे की शर्टाच्या बाह्या उसवायच्या. नानांनी त्याला काठी दिलीच नाही. प्लॉटच्या कोपऱ्यातल्या हातपंपावरून दोन कॅन भरायचे, मैदानाला पाच फेऱ्या मारायच्या आणि पाणी झाडांना घालायचं, हाच त्याचा व्यायाम.

आठवड्याभरानं तो वैतागला. "नाना, ये कसरत है कि नौकरी?"

"नोकरीत पगार असतो," नाना म्हणाले. "चल, दुसरी फेरी."

मग मे महिन्यात कॉलनीतल्या पाण्याची मोटार जळाली. नवी यायला चार दिवस. लोक टँकरभोवती भांडतायत आणि आमचे दहा जण दोन्ही हातांत कॅन घेऊन चार-चार मजले चढतायत! मी मोटारीला हात घालायला तयार होतो, पण तिचं वाइंडिंगच गेलं होतं, मग मीही कॅन उचलले. रामप्रवेशनं एकट्यानं आख्खी बी-विंग सांभाळली. चौथ्या मजल्यावरच्या जोशीकाकू एकट्या राहतात. त्यांची टाकी, पिंप, कळशी, सगळं त्यानं भरलं. काकूंनी त्याला रोज सांजा खायला घातला.

चौथ्या दिवशी मोटार सुरू झाली. काकू गॅलरीत येऊन मला ओरडून म्हणाल्या, "अहो दिलीपराव, तुम्ही फिटर ना? ती मोटार परत बंद पाडता येते का बघा!"

त्या दिवशी मला आमच्या माणसांचा इतका अभिमान वाटला की रामप्रवेशला मी भर रस्त्यात मिठी मारली. त्याचा हात माझ्या पाठीवर पडला, तेव्हा मात्र पस्तावलो.

*

एकदा पालघरला कार्यक्रम होता. रिक्षात मी, नाना आणि चादरीत गुंडाळलेली लांबलचक वस्तू. नाक्यावर नाकाबंदी. हवालदारांनी चादर उघडली, काठ्या बघितल्या, लाकडी तलवारी बघितल्या आणि मग म्यान दिसलं. त्यांचा चेहरा बदलला. "ही खरी आहे?"

नानांनी शांतपणे पिशवीतून फाइल काढली. परवाना, कार्यक्रमाची परवानगी, आधार कार्ड, सगळ्याच्या तीन-तीन प्रती, सगळं लॅमिनेट केलेलं. हवालदार वाचून वाचून थकले. "ठीक आहे बाबा, जावा."

नाना जागचे हलले नाहीत. हवालदारांच्या हातातल्या काठीकडे बघत म्हणाले, "साहेब, रागावू नका. काठी अशी धरली तर पहिला फटका तुमच्याच अंगठ्याला बसंल."

मी डोळे मिटले. आता आत जायचंच, असं धरून चाललो. डोळे उघडले तर भर नाक्यावर नाना हवालदारांचा अंगठा पकडून बसवतायत आणि मागे गाड्या हॉर्न देतायत!

पुढच्या सोमवारी सकाळी साडेपाचला ट्रॅक पँट घालून एक नवा माणूस मैदानावर आला. हातात घरची सुरी होती.

*

काशिनाथ आमच्या कारखान्यात बागकाम करतो. वाणगावच्या आत, डोंगराच्या अंगाला त्याचा पाडा. पावसाळ्यात घरची नाचणी, भात, आणि एरवी बाग. तो मैदानावर कोपऱ्यात उभा राहून बघायचा, शिकायला कधी आला नाही. एका रविवारी त्यानं सगळ्यांना घरी जेवायला बोलावलं. आम्ही हौसेनं तलवारी घेऊन निघालो, डोंगरावर फोटो काढायचे होते ना!

पाड्याच्या अलीकडे रस्त्यावर झाड आडवं पडलेलं. आम्ही आधी त्या झाडासमोर तलवारी उपसून फोटो काढले. मग रामप्रवेशनं ते ढकलून बघितलं. मग मी दोरी कुठे बांधावी यावर भाषण दिलं. एवढ्यात समोरून काशिनाथ आला. कमरेच्या लाकडी आकडीतून त्यानं कोयता काढला, न बोलता फांद्या उतरवल्या, खोडाचे दोन तुकडे केले आणि पायानं बाजूला लोटले. घामसुद्धा नाही!

"तलवार फोटोला बरी हाय, दादा," तो मला म्हणाला. "पन रस्त्याला कोयताच लागते."

आम्ही हसलो. नाना हसले नाहीत. त्यांनी कोयता मागून घेतला, अंगठ्यानं धार बघितली आणि कपाळाला लावला. त्या वर्षी दसऱ्याच्या शस्त्रपूजेत पहिला मान काशिनाथच्या कोयत्याला होता, तलवार दुसरी. माझा अठरा नंबरचा पाना सातवा होता, पण होता!

*

आता कुंदाताई. समुद्राकाठच्या दांडी गावच्या. सकाळी डोक्यावर मासळीची पाटी घेऊन आमच्या प्लॉटवरून कॉलनीत जायच्या. दोन मिनिटं थांबायच्या, बघायच्या, जायच्या. असं सहा महिने चाललं. एक दिवस मी जोरात तलवारीचे हात करून दाखवत होतो. पाठीमागून आवाज आला, "दादा, तुमचा मागचा पाय रोज चुकते."

सगळे हसले. नानांनी माझा पाय बघितला. चुकत होता.

"शिकायचंय का गं?" नानांनी विचारलं. "मग उद्या घरची सुरी आण."

"उद्या कशाला? हाय ना." कुंदाताईंनी पाटी उतरवली आणि मासळी कापायची कोयती पुढे केली. नानांनी ती अंगठ्यावर फिरवली. मग परत फिरवली.

"धार कोण लावतं?"

"मीच. आयनं शिकवलंय. रोज सांजचं लावते."

नाना माझ्याकडे वळले. "दिल्या, तुझी लाकडी तलवार हिला दे. तू काठी घे."

तीन आठवडे सुरी घासून मी जिथे पोचलो होतो, तिथे ही बाई एका मिनिटात, पाटी खाली ठेवून पोचली! राग आला का? आला. खोटं कशाला बोलू?

*

गेल्या श्रावणात नानांनी सगळ्यांना खाली बसवलं. गुडघे बोलायला लागलेत, दिवाळीनंतर मी गावी जाणार, म्हणाले. "तलवार मात्र न्यायची न्हाई. हितंच कुणाकडं तरी ऱ्हाईल. दसऱ्याला ठरवीन. कागदाचं हवालदारसाहेब बघतील."

त्या दिवसापासून मैदानावर कुणी उशिरा येईना! मला तर ती तलवार स्वप्नात दिसायची. सगळ्यात जुना चेला मी. नानांनाही तसंच वाटत असावं, कारण त्यांनी ती माझ्याच हातात दिली. "धार थोडी बसलीय. सावकाश लावून आण."

सावकाश! मी अठरा वर्षं मुरलेला फिटर. म्हटलं, दगडावर महिनाभर कोण घासणार? ओळखीच्या वर्कशॉपमध्ये गेलो, बेंच ग्राइंडर सुरू केला आणि पाती टेकवली. ठिणग्या काय सुंदर उडाल्या! मशीन बंद केलं तेव्हा टोकाजवळ चार बोटं धार निळी पडली होती.

लोखंडातलं ज्याला कळतं त्याला निळ्याचा अर्थ सांगावा लागत नाही. पोलाद तापून पाणी उतरलं होतं, म्हणजे धारेचा कडकपणाच गेला होता. नवशिक्या ॲप्रेंटिसला मी ह्याच चुकीसाठी झापतो. नानांच्या आजोबांची तलवार, आणि मी.

नानांनी निळा डाग बघितला. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तलवार त्यांनी कुंदाताईंपुढे धरली. "काय करता येईल?"

कुंदाताईंनी नख लावून बघितलं. "निळं सगलं घासून काडावं लागंल. आत चांगलं हाय. पन हातानंच. टाइम लागंल."

महिना लागला. कारखाना सुटला की मी सायकलवरून दांडीला जायचो. ओट्यावर कुंदाताई दगडावर तलवार घासायच्या आणि मी दगडावर पाणी ओतायचो. एवढंच माझं काम. पहिल्या दिवशी मी समोरच्या खाडीतून बादली भरून आणली.

"दादा, तुमी खरंच फिटर हाय?" त्या म्हणाल्या. "गोडं पानी आना. खाऱ्यानं गंजंल."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी निळं गेलं. पाती केसभर अरुंद झाली होती, पण धार अशी की बघायलाच भीती वाटावी. तलवार आपली नाही होणार हे मला तेव्हाच कळलं. गंमत म्हणजे वाईट वाटलं नाही. त्या धारेत माझ्याही शंभर बादल्या होत्या.

*

दसरा. प्लॉटवर मांडव, कॉलनी आणि दांडीची माणसं, जोशीकाकू पहिल्या रांगेत. नानांनी कमरेला म्यान बांधलं होतं. शेवटचा खेळ लिंबाचा. उघड्या तळहातावर लिंबू ठेवायचं आणि तलवारीनं ते दोन करायचं, हाताला न लागता. आजवर आमच्याकडे हा खेळ फक्त नाना करायचे, तोही कमी धारेच्या तलवारीनं.

नानांनी म्यानातून आजोबांची तलवार काढली आणि कुंदाताईंच्या हातात दिली.

लिंबू कोण धरणार? मी पुढे झालो. ती धार किती आहे हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? पण निळं मी केलं होतं, हात माझाच जायला हवा होता.

नानांनी मला खांद्याला धरून बाजूला केलं. "तू पाणी ओत." आणि स्वतःचा उजवा तळहात पुढे केला. चाळीस वर्षांत त्यांनी कुणाच्या तलवारीखाली हात धरला नव्हता.

कुंदाताईंनी पदर खोचला. मागचा पाय नीट ठेवला. एकदा नानांकडे बघितलं.

पाती वर गेलेली दिसली, खाली आलेली दिसलीच नाही. लिंबाच्या दोन फोडी नानांच्या हातावर उघडल्या. तळहातावर ओरखडासुद्धा नव्हता!

मांडव टाळ्यांनी फुटला. रामप्रवेश नाचायला लागला, हवालदार शिट्टी वाजवतायत, काशिनाथनं कोयता वर केला, मी रडत होतो. सगळे कुंदाताईंकडे बघत होते आणि कुंदाताई कुणाकडेच बघत नव्हत्या. त्यांनी पदराचं टोक सोडलं होतं आणि मुठीपासून टोकापर्यंत, सावकाश, पातीवरचा लिंबाचा रस पुसत होत्या.

नाना ते बघत राहिले. मग त्यांनी कमरेचं रिकामं म्यान सोडलं आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरलं.

कुंदाताईंनी तलवार म्यानात सरकवली, काखेत मारली आणि मांडवाबाहेर ठेवलेली मासळीची पाटी डोक्यावर घेतली.

"जाते, नाना," त्या म्हणाल्या. "मच्ची उनात हाय."