डोक्यावरचा कापूस

मंदीच्या त्या वर्षांत सोलापुरात माझं गाद्या भरायचं दुकान होतं. गिरणीतून कमी केलेला एक विशीतला तरुण रोज संध्याकाळी यायचा, टोपी काढून डोकं पुढं करायचा आणि म्हणायचा, "मालक, चिमूटभर कापूस टाका की."

मी टाकायचो. थोडा तो स्वतःच भुवयांना चोळायचा. तेवढ्यानं त्याचे पडलेले खांदे वर यायचे आणि कामावरून सुटल्यासारखा तो घरी निघायचा.

"आईला वाटतंय मी कामावर हाय," त्यानं एकदा सांगितलं.

"आणि पगार?"

"सायबाकडं साठतोय म्हनून सांगितलंय."

एकदा तर त्यानं दुप्पट कापूस मागितला. म्हणाला, "आज लई काम होतं."

मग एका दुपारी त्याची आईच दुकानात आली. मी घाबरलो. तिनं माझा कापूस बोटांत चोळून पाहिला.

"ह्यो लई जाड हाय. मी धा वर्सं गिरणीत काढली, तितला बारीक असतोय. जरा बारीक टाकत जावा की." निघताना ती थांबली. "त्याला बोलू नका. मला ठावं हाय म्हनल्यावर पोरगं घरला यायचं न्हाय."

त्या दिवशी त्याच्यापुरता कापूस मी पुन्हा पिंजला.