भोकाचे कोसे

पाणी खळखळ उकळत होतं, सोडा टाकून झाला होता, आणि कोशांची टोपली उचलायला एकही बाई पुढे येईना.

कोसा म्हणजे रेशमाच्या किड्यानं स्वतःभोवती विणलेलं घर. सोड्याच्या पाण्यात शिजवला की त्याचा डिंक सुटतो आणि अखंड धागा मशीनवर उलगडतो. आत किडा जिवंत असतो, तो शिजताना मरतो. मरावाच लागतो. पाखरू होऊन भोक पाडून बाहेर पडला, तर धागा तुटक होतो आणि मशीनच्या कामाचा राहत नाही.

बायकांमध्ये वडीलधारी होती डोल्मा. तिनं एक कोसा कानाशी हलवून पाहिला.

"जिंदा है," म्हणाली आणि परत टोपलीत ठेवला. पहिल्याच दिवशी वर्ग बंद!

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपूरच्या एका मिशननं भंडाऱ्याकडच्या तिबेटी वसाहतीतून या निर्वासित बायका आणल्या होत्या. हिवाळ्यात त्या स्वेटर विकत, उरलेलं वर्ष हाताला काम नाही. परदेशातून धागा काढायच्या मशीन आल्या आणि त्या चालवायला शिकवण्यासाठी मला नेमलं. हुद्दा, मशीन इन्स्ट्रक्टर.

मिशनचे मुख्य रेव्हरंड गायकवाड तरातरा आले.

"काय झालं गा, मास्तर? बाया काहून बसून राहिल्या?"

"कोसे शिजवत नाही म्हणतात साहेब. आत जीव आहे म्हणे."

"अन् मटण कसं चालते मग? हे पाह्य, पैसे देणारी कमिटी येऊन राहिली. वर्ग बंद दिसला तर बायांले परत वसाहतीत धाडतीन. तू बौद्ध, त्याही बौद्ध. तूच समजव."

आमच्या घरच्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली होती, हे साहेबांना ठाऊक होतं. पण आमच्या वस्तीत रविवारी घरोघरी मटणच शिजायचं. डोल्माला मी काय डोंबल समजावणार? तरी गेलो.

"मटण खाती हो, फिर कीडे का क्या?"

"एक याक मरता है, पूरा गाँव खाता है," ती शांतपणे म्हणाली. "एक साडी में कितना मरता है, मास्टरजी?"

साडीला कोशांची रास लागते. मला राग आला. इतकी वर्षं कोसे शिजवले, मला कुणी जाब विचारला नव्हता.

मी दुसरा डाव टाकला. "दुसरा आदमी उबालेगा. तुम सिर्फ धागा निकालो."

"हमारे लिए ही मारेगा ना?"

"वर्ग बंद होगा. वापस जाना पडेगा."

"जायेंगे," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज हलला नाही. मागच्या बायका मुकाट्यानं बोचकी आवरू लागल्या. ते मात्र मला बघवेना.

सरकारी रेशीम-बीज केंद्रात किड्यांच्या अंड्यांसाठी पाखरं बाहेर पडू देतात. मागे उरतात भोकाचे कोसे. आमच्या धंद्यात त्यांना भंगार म्हणतात. पण या बायका लोकर हातानं कातणाऱ्या! तुटक धाग्याशीच त्यांचा जन्म गेला होता. मी केंद्रातून पोतंभर कोसे उचलून आणले. डोल्मानं एकेक हलवून पाहिला, भोकातून आत डोकावली, मग स्वतःच पातेल्यात टाकला. संध्याकाळी तिच्या चातीवर जाडसर, खरबरीत सूत होतं. माझ्या मशीनवर मी असं सूत काढलं असतं, तर लाजेनं लपवलं असतं.

कमिटी आली. सूत हातात घेऊन साहेब लोक खूश झाले. तोवर नमुना पाहून विणकरांनी ते शालींसाठी मागितलंही होतं. वर्ग पक्का झाला.

मग कमिटीच्या अध्यक्षांनी कोपऱ्यातल्या मशीनकडे बोट दाखवलं. "या चालत नाहीत?"

"गरजच नाही राहिली जी," गायकवाड साहेब कौतुकानं म्हणाले. "सारी मास्तरची कमाल!"

पुढच्या आठवड्यात मशीन मिशनच्या दुसऱ्या केंद्रावर गेल्या. तिथे इन्स्ट्रक्टर आधीच होता. इथे मशीन नाही, म्हणून मशीन इन्स्ट्रक्टरही नको. निरोपाला साहेबांनी भाषण केलं, डोल्मानं माझ्या गळ्यात पांढरा खादा, म्हणजे त्यांच्याकडचा मानाचा शेला, घातला.

नोकरीत डोकं जरूर चालवावं. त्याआधी आपल्या हुद्द्यात काय लिहिलंय, ते एकदा वाचून घ्यावं.