टायर घसरला, असं मी वर्षभर सांगत होते

माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई म्हणते, आणि त्यात काही खोटं नाही. आठवडाभर वाशीमच्या लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासायचे आणि शुक्रवारची संध्याकाळ झाली की खोलीत नुसत्या येरझारा. परवाच्या शुक्रवारी तेच. डिसेंबरात कोकणात जायचंय, त्याची यादी करायला बसले, दोन ओळी लिहिल्या, उठले, खाली जाऊन मोटरसायकलच्या मागच्या टायरवर हात फिरवला. मधोमध पाटासारखा सपाट! कडेला नवा कोरा आणि मध्ये सगळा उतरलेला. आपल्याकडचे रस्ते सरळसोट, गाडी कलते कुठे? ठरलं, उद्या अमरावती. टायर बदलायचे, येताना इंझोरीला आईबाबांकडे मुक्काम आणि रविवारी परत.

खरं सांगायचं तर मागचा टायर अजून हजारभर किलोमीटर निघाला असता. माझी घाई वेगळीच होती. गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला मी आईला मागे बसवून कारंज्याहून इंझोरीला, म्हणजे आमच्या गावी, निघाले होते. गावाच्या अलीकडच्या वळणावर ट्रॅक्टरच्या चाकांनी वावरातली काळी माती डांबरावर आणून टाकली होती, त्यावर पावसाचा शिडकावा. पुढचं चाक गेलं आणि आम्ही दोघी रस्त्यावर आडव्या. मला खरचटलं. आईचं उजवं मनगट मोडलं.

दवाखान्यात, गावात, लॅबमध्ये, इथं ब्लॉगवरसुद्धा मी एकच वाक्य सांगितलं: टायर घसरला. तेव्हापासून आई माझ्या मागे बसलेली नाही. भांडण नाही, अबोला नाही. मी गाडी काढली की तिला काहीतरी काम आठवतं, आणि मग ती बसनं येते. वर्ष उलटून गेलं. माझं म्हणणं साधं होतं: ओल्यात धरून ठेवणारे, चांगले स्पोर्ट-टुरिंग टायर टाकायचे, तिला दाखवायचे आणि मागे बसवायचं. ही सगळी राईड त्यासाठी होती.

शनिवारी सकाळी सहाला निघाले. वाशीम ते अमरावती, मंगरूळपीर आणि कारंजावरून, साधारण एकशे चाळीस किलोमीटर होतात. मंगरूळपर्यंत हातमोजे घातले असूनही बोटं गारठली. स्टँडजवळ गरम आलूबोंडे काढत होते; दोन बोंडे, वरून रस्सा आणि चहा, चाळीस रुपयांत पोट भरलं. सोयाबीन निघून गेलंय, तूर फुलावर आली आहे, कापूस वेचायला बाया निघालेल्या. थांबून फोटो काढण्यासारखं बरंच होतं, पण मी थांबले नाही. थांबलं की मला अंगात मुंग्या आल्यासारखं होतं.

कारंजा मागे टाकलं की धनजच्या बाजूनं अमरावतीचा रस्ता लागतो. समृद्धीचा पूल दिसला की दरवेळी माझा जीव जळतो. वरून गाड्या सूं सूं करत जातात आणि आपल्याला, दुचाकीला, तिथं बंदी. असो. खालचा रस्ता बरा आहे, फक्त गावांपाशी गतिरोधक न रंगवलेले आहेत, ते सांभाळा.

आता टायरचं. ज्यांना घ्यायचेत त्यांनी हा भाग नीट वाचा. माझी गाडी चारशे सीसीची, पुढे ११०, मागे १५० रुंदीचा टायर. दुकानात तीन प्रकार दाखवतात. एक पूर्ण स्पोर्टचा: मऊ, रस्त्याला चिकटतो, पण आपल्या उन्हात आणि सरळ रस्त्यावर बघता बघता झिजतो. दुसरा मोठ्या गुट्ट्यांचा, म्हणजे रबराच्या उठावदार ठोकळ्यांचा, शेतरस्त्यासाठी: चिखलात बरा, डांबरावर घूंऽऽ असा आवाज आणि ओल्यात भरवसा कमी. तिसरा स्पोर्ट-टुरिंग: मध्ये कडक रबर म्हणजे टिकतो, कडेला मऊ म्हणजे वळणात धरतो, आणि पाणी बाहेर काढायला खोल खाचा. मी तिसरा घेतला. दोन्ही टायर, नवे व्हॉल्व्ह, बसवणं आणि बॅलन्सिंग धरून सोळा हजारांच्या आसपास गेले. व्हॉल्व्ह जुनेच राहू देऊ नका, तिथं कंजुशी करून उपयोग नाही. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन टायर बनल्याच्या आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे. मला आधी काढून दिलेली जोडी जवळपास तीन वर्षं गोदामात पडलेली निघाली. परत केली. दुसरी चार महिन्यांची होती.

बसवणारे रशीदभाई पन्नाशीचे, बोलायला मोकळे. मागचा टायर त्यांनी बिनबोभाट काढून बाजूला टाकला. पुढच्यापाशी अडले.

"हा काहून बदलून राह्यल्या ताई? याच्यात अजून लय जान हाये."

मी म्हटलं, घसरतो तो. त्यांनी टायरवर अंगठा फिरवला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा अंगठा फिरवला. मग म्हणाले, तुमची मर्जी. दीड तासात काम झालं. निघताना त्यांनी बजावलं की नव्या रबरावर गुळगुळीत थर असतो, पहिले शंभर-दीडशे किलोमीटर ना जोरात ब्रेक, ना गाडी कलवायची. माझ्यासारखीला ही शिक्षाच हो! नवे टायर पायाखाली आणि बैलगाडीच्या चालीनं जायचं.

जुने दोन्ही टायर मी मागच्या सीटवर ट्यूबच्या पट्टीनं आवळून घेतले. बाबांनी सांगून ठेवलं होतं. सोयाबीनच्या कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, ढिगावर ताडपत्री टाकली की वाऱ्यानं उडते, वर ठेवायला टायरासारखं वजन नाही. धनजच्या फाट्यावर चहाला थांबले तर बाकावरच्या म्हाताऱ्यानं विचारलं, टायर विकाले नेऊन राह्यली का बाई? मी म्हटलं, नाही, माहेरी. तो चहा पिता पिता हसला आणि म्हणाला की माहेरी लोक साडी नेतात.

कारंज्यात पाटवडी-रस्सा आणि भाकर खाल्ली, दीडशे रुपये, रस्सा डोळ्यांत पाणी आणणारा. तिथून इंझोरीच्या रस्त्याला लागले. ते वळण आलं तेव्हा चारचा सुमार होता. रस्ता कोरडा ठणठणीत, बाजूला तुरीचं वावर. मी तीसच्या वेगानं पार झाले. काहीच झालं नाही. व्हायचं काय होतं म्हणा! तरी घर येईपर्यंत तीसच्या वर गेले नाही.

आमचं घर विहारापासून तिसरं. बाबांनी तीस वर्षं ट्रक चालवला, नागपूर-हैदराबाद लाईन. आता एकरभर रानात वांगी, मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, काढतात, पण अजूनही गाडी दिसली की आधी टायर बघतात, मग माणूस. नव्या टायरांना त्यांनी ट्रकच्या टॉमीनं, म्हणजे लोखंडी दांड्यानं, हळूच ठोकून पाहिलं. आवाज पसंत पडला असावा, कारण पुन्हा ठोकलं नाही. मग जुना पुढचा टायर उतरवला, ओट्यावर मांडीत घेतला आणि त्यावर तळहात फिरवायला लागले. मी बाजूला उभी राहून स्पोर्ट-टुरिंगचं पुराण सांगत होते, कडेचं रबर, खोल खाचा, आता घसरायची बातच नाही वगैरे. त्यांनी मला खाली बसवलं आणि टायरवर हात फिरवायला सांगितलं. फिरवला. गुळगुळीत. आता उलटा फिरव म्हणाले. उलटा फिरवला तर प्रत्येक गुट्ट्याची धार हाताला लागली, करवतीसारखी.

"हे बिरेकानं होते," बाबा म्हणाले. "उशिरा दाबतं तू, अन् जोरात दाबतं. ही एका दिवसाची गोष्ट नाई, सवय हाये तुही. टायर चांगला होता. तू वळनात पुढचा बिरेक दाबला असशीन."

मला असा राग आला म्हणून सांगू! माती होती, पाणी होतं, ट्रॅक्टरवाल्याला काही वाटायला नको का, असं मी तोंडाला येईल ते बोलले. बाबा म्हणाले, होती ना माती, माती दिसल्यावर कोणी बिरेक दाबते का. आणि टायर खांद्यावर घालून कुटाराकडे चालते झाले. त्यांच्या लेखी विषय संपला होता.

मी रानाच्या बांधावर दोन फेऱ्या मारल्या. तिसरी मारता मारता थांबले, कारण मला सगळं आठवत होतं. त्या दिवशी मला अंधाराआधी परत वाशीमला जायचं होतं. कारंज्यापासून मी गाडी ताणली होती. आईनं दोनदा म्हटलं होतं, हळू चाल. वळणात शिरल्यावर माती दिसली आणि माझ्या उजव्या हातानं ब्रेक आवळला. मग चाक गेलं. हे मला रस्त्यावर पडल्या पडल्याच माहीत होतं. टायरचं वाक्य मी दवाखान्यात पोचेपर्यंत बनवलं होतं, आणि नंतर इतक्यांदा सांगितलं की मलाच ते खरं वाटायला लागलं. मला फार लाज वाटली.

आई अंगणात दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी सांबाराच्या जुड्या बांधत होती. उजव्या हातानं गाठ नीट आवळली जात नाही, म्हणून ती दोऱ्याचं एक टोक दातात धरून ओढते. हे मी वर्षभर पाहत होते आणि दर वेळी दुसरीकडे बघत होते. मी तिच्यासमोर बसले आणि सांगून टाकलं की टायर घसरला नव्हता, मी वळणात ब्रेक मारला.

तिनं दोरा तोंडातून काढला. "मले मालूम हाये. मांगं मीच बसली होती ना. आदी मी तुह्या पाठीवर आदळली, मंग गाडी पडली."

मी विचारलं, मग इतके दिवस बोलली का नाहीस?

"तू सगळ्याइले टायर सांगत होती. लोकाइसमोर मी माह्या पोरीले खोटं पाडू का?" जुडी टोपलीत ठेवून ती पुढची उचलायला लागली. "बिरेकाचं भेव नव्हतं मले. तुले मालूमच नाई का काय, याचं भेव होतं."

मी तिच्या हातातली जुडी घेतली आणि गाठ मारली. माझी गाठ सैल पडली, तिनं ती सोडून पुन्हा बांधली. मग दिवे लागेपर्यंत मी जुड्या लावून द्यायचं काम केलं, ती बांधत गेली. जेवणात बेसन, भाकर आणि ठेचा. बाबांनी जेवताना विचारलं की हवा किती भरली. मी सांगितलं. दोघं बसणार असले तर मागच्यात थोडी जास्त पायजे, म्हणाले, आणि ते कोणाबद्दल बोलतायत हे कोणीच विचारलं नाही.

सकाळी मी बॅग बांधत होते तर आई पिशवी घेऊन दारात. वाशीमले येतो मी दोन-चार रोज, म्हणाली. मी गाडी मंगरूळच्या आतल्या रस्त्याकडे वळवायला लागले, तो जवळचा. तिनं खांद्यावर हात ठेवला.

"कारंज्याकडून चाल."

लांबून, म्हणजे. त्या वळणावरून. मी गाडी फिरवली. वळण दिसायला लागलं तसा तिचा हात माझ्या जॅकेटवर घट्ट झाला. मी खूप आधी वेग उतरवला, इतका आधी की मागचा दूधवाला हॉर्न देऊन पुढे निघून गेला. वळणात ब्रेकला हातही लावला नाही. गाडी आपली आपण वळली. पलीकडे निघाल्यावरही आईचा हात तसाच घट्ट होता, तो कारंजा आल्यावर सुटला. तिथं तिनं कचोरी मागितली आणि दोन खाल्ल्या.

वाशीमला दुपारी पोचलो. कोणते टायर घेऊ असं विचारणाऱ्यांना सांगते, जे मी घेतले ते चांगले आहेत. शांत चालतात, खड्ड्यात आदळत नाहीत, दीडशे किलोमीटरनंतर खरोखर रस्ता धरून बसतात. पण पुढचा जुना टायर मी उगाच काढला. तो रशीदभाई म्हणाले तसा अजून वर्षभर चालला असता. हे ब्लॉगवर मी पूर्वी लिहिलेल्या अपघाताच्या लेखाखालीही आज लिहून टाकलंय: टायरचा दोष नव्हता, माझा होता. कोकणचं डिसेंबरात बघू. भिंगरी काही गेलेली नाही. हे लिहितानाही मी तीनदा उठून खाली गाडी बघून आले.

तिसऱ्यांदा वर आले तेव्हा आई बाबांशी फोनवर बोलत होती. हो, पोचलो. हो, जेवलो. मग म्हणाली, "भेव वाटलं ना, काहून नाई वाटनार? पन पोरीनं वळनाच्या आदीच गाडी धीमी केली." तिकडून बाबांनी काहीतरी विचारलं असावं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि आवाज जराही न उतरवता सांगितलं, "वापस येताना मी बसनं येतो. एका दिवसात लय झालं."

मी मान डोलावली. बुधवारी सकाळची बस आहे. बसस्टँडपर्यंत कसं जायचं, असं मी तिला भीत भीत विचारलं, तर म्हणाली, ऑटोले पैसे कायले घालायचे, तू सोड.